नायकाला सारे आधीपासून ठाऊक होते, तर त्या प्रेमावर विश्वास कसा ठेवावा?

सायंतारा यांचा प्रश्न

कुटुंबातील एका जुन्या गुपिताभोवती रचलेली इंग्रजी प्रेम-रहस्यकथा नुकतीच वाचून संपवली आणि तेव्हापासून तिचा शेवट मनातून जात नाही. कादंबरीचे नाव मुद्दाम देत नाही. माझा प्रश्न शेवटाबद्दलच आहे आणि नाव दिल्यास ज्यांनी ती वाचलेली नाही त्यांचा रसभंग होईल. ज्यांनी वाचली असेल त्यांना कथानकावरून ती सहज ओळखता येईल. त्यांनीही कृपया नाव लिहू नये.

कथानक असे आहे. इंग्लंडमधील एका किनाऱ्यालगतच्या गावात नायिकेच्या आजीचे निधन होते. आई आधीच गेलेली असल्यामुळे घर आणि उरलेली सारी मालमत्ता या एकुलत्या नातीकडे येते. परंतु मृत्युपत्रातील एक मोठी रक्कम कुटुंबाच्या वकिलांकडे ‘मी त्यांना सांगितलेल्या कारणासाठी’ एवढ्याच शब्दांत सोपवलेली असते. ते कारण कोणते, या प्रश्नावर सगळी कादंबरी उभी आहे. त्या वकिली कार्यालयातील तरुण भागीदार हा नायक. घरातील कागदपत्रे लावण्याच्या कामात तो नायिकेला मदत करतो आणि त्या कामातूनच दोघे एकमेकांच्या जवळ येतात. मधल्या प्रकरणांत १९५० च्या दशकातील पत्रे येतात, एका तरुण मुलीने आपल्या थोरल्या बहिणीला लिहिलेली. हळूहळू उलगडते की नायिकेची आई ही आजीची मुलगी नव्हतीच. आजीच्या धाकट्या, अविवाहित बहिणीला झालेले ते मूल आजीने स्वतःचे म्हणून नोंदवले होते आणि बहिणीची रवानगी दूर कुठेतरी झाली होती. ती बहीण अजून जिवंत आहे, आणि ती रक्कम तिच्यासाठी आहे.

इथवर मला कादंबरी फार आवडली. विशेषतः प्रेम ज्या रीतीने वाढते ती रीत. त्यात योगायोगाने झालेली भेट नाही, वादळात अडकणे नाही. दोन माणसे एका टेबलाशी बसून पावत्या, जुनी बिले, शाळेची प्रगतिपुस्तके यांचे गठ्ठे करतात आणि कोणता कागद ठेवायचा, कोणता फाडायचा यावरून एकमेकांचा स्वभाव ओळखत जातात. आजीचे पात्रही उत्तम उतरले आहे. ती कधीच समोर येत नाही, परंतु तिने जपलेल्या आणि न जपलेल्या वस्तूंवरून तिचा करारीपणा आणि तिची भीती दोन्ही कळतात.

माझी अडचण शेवटून तिसऱ्या प्रकरणात सुरू होते. तिथे उघड होते की नायकाला हे सर्व पहिल्या भेटीपासून माहीत होते. नायिका महिनोन्‌महिने जे शोधत होती त्याची फाईल त्याच्या कपाटात होती. तो तिच्यासोबत चर्चच्या नोंदवह्या पाहायला गेला, तिचे तर्क ऐकत राहिला, काही तर्क चुकीचे आहेत हे ठाऊक असूनही मान डोलावत राहिला. एका प्रसंगी ती त्याला थेट विचारते की आजीने तुमच्या कार्यालयात कधी काही बोलून ठेवले होते का, आणि तो उत्तर देतो, “त्या वेळी मी तिथे नव्हतो.” हे वाक्य खरे आहे. परंतु ते ऐकून नायिकेने जो अर्थ घ्यावा अशी त्याची इच्छा होती, तो अर्थ खोटा आहे.

हे कळल्यावर नायिका दीड-दोन पाने संतापते. मग ती त्या वृद्ध आजीला, म्हणजे खऱ्या आजीला, भेटते. ‘तुला सांगण्याची परवानगी मागायला तो माझ्याकडे किती वेळा आला होता’ असे तिच्याकडून ऐकताच नायिकेचा राग विरघळतो आणि उपसंहारात लग्न होते.

मला दोन गोष्टींबद्दल आपली मते हवी आहेत. ही क्षमा तुम्हाला पटते का? आणि प्रेम-रहस्यकथेकडून अशी अपेक्षा करणे योग्य आहे का की रहस्य उलगडताना प्रेमाचीही तितकीच कठोर तपासणी व्हावी? माझे मत असे की या प्रकारच्या कादंबरीत ‘काय घडले’ आणि ‘या माणसावर विश्वास ठेवावा का’ हे दोन प्रश्न मुळात एकच असायला हवेत. इथे लेखिकेने पहिल्या प्रश्नाचे उत्तर फार कष्टाने दिले आहे आणि दुसऱ्याचे उत्तर उसन्या साक्षीवर उरकले आहे.

लेखणीबद्ध यांचा प्रतिसाद

मी ही कादंबरी वाचली आहे. नायकाची बाजू मांडण्याआधी त्या मृत्युपत्रातील तरतुदीबद्दल थोडे लिहिणे आवश्यक वाटते, कारण नायकाच्या वागण्याचा बराच अर्थ तिच्यात आहे आणि कादंबरी ते फार घाईने सांगून पुढे जाते.

इंग्लंडमध्ये मृत्युपत्र प्रोबेट झाले, म्हणजे अधिकृतपणे प्रमाणित झाले, की ते सार्वजनिक दस्तऐवज होते. ठरलेले शुल्क भरून कोणीही त्याची प्रत मागवू शकतो. त्यामुळे ज्या व्यक्तीचे नाव जगापुढे येऊ द्यायचे नाही, तिच्यासाठी काही ठेवायचे असेल तर ते मृत्युपत्रात उघड लिहून चालत नाही. यावर तेथील न्यायालयांनी फार पूर्वीपासून एक मार्ग मान्य केला आहे. रक्कम एखाद्या विश्वासातील माणसाच्या नावे ठेवायची आणि ती खरी कोणासाठी आहे हे त्याला खासगीत सांगायचे. याला गुप्त न्यास म्हणता येईल. मृत्युपत्रात ‘सांगितलेल्या कारणासाठी’ असा उल्लेख असला, तर रक्कम दुसऱ्या कोणासाठी तरी आहे एवढे उघड होते, मात्र ती कोणासाठी हे झाकलेले राहते. अशा तरतुदीबद्दलचा हाऊस ऑफ लॉर्ड्सचा, म्हणजे तेव्हाच्या तेथील सर्वोच्च न्यायपीठाचा, ‘ब्लॅकवेल विरुद्ध ब्लॅकवेल’ हा १९२९ चा निकाल प्रसिद्ध आहे. त्यातील रक्कम एका विवाहबाह्य संबंधातील स्त्रीसाठी आणि तिच्या मुलासाठी होती, आणि मृताच्या पत्नीने हरकत घेऊनही न्यायालयाने ती व्यवस्था वैध ठरवली. म्हणजे कादंबरीतील आजीने जे केले ते लेखिकेने हवेतून आणलेले नाही. कुटुंबाच्या प्रतिष्ठेखाली दडपलेल्या माणसांसाठीच हा मार्ग वापरला जात असे.

यातला एक बारकावा तुमच्या प्रश्नाशी थेट जोडलेला आहे. अशा न्यासात ते खासगी कारण मृत्युपत्र करण्याच्या आधी किंवा फार तर त्याच वेळी सांगितलेले असावे लागते. आजीने ते कार्यालयातील जुन्या भागीदाराला सांगितले होते आणि नायक तेव्हा तिथे नोकरीलाही नव्हता. ‘त्या वेळी मी तिथे नव्हतो’ हे उत्तर म्हणूनच अक्षरशः खरे आहे, आणि एका वकिलाच्या तोंडी ते अतिशय नेमके बसते. त्याने ते विचारपूर्वक निवडलेले आहे. याबद्दल तुम्ही त्याला दोष देता. मला मात्र त्या वाक्यातून त्याची ओढाताण दिसते. अशिलाचा मृत्यू झाला म्हणून वकिलाचे गोपनीयतेचे बंधन संपत नाही. शिवाय हे गुपित एकट्या आजीचे नव्हते, जिवंत असलेल्या धाकट्या बहिणीचेही होते. तिने नकार दिलेला असताना प्रेमापोटी ते फोडणारा माणूस मला अधिक विश्वासार्ह वाटला असता का? नाही.

तरीही नायक निर्दोष आहे असे मी म्हणणार नाही. त्याचा दोष मला दुसरीकडे दिसतो. हा गुप्त न्यास काही कारणाने रद्द ठरला असता तर ती रक्कम परत इस्टेटीत आली असती, आणि उरलेली सारी मालमत्ता नायिकेची असल्यामुळे ती तिलाच मिळाली असती. म्हणजे व्यवहाराच्या दृष्टीने नायिका आणि ती वृद्ध स्त्री यांचे हितसंबंध परस्परविरोधी होते आणि नायक त्या वृद्ध स्त्रीच्या बाजूचा विश्वस्त होता. अशा स्थितीत नायिकेच्या प्रेमात पडल्याचे लक्षात येताच त्याने काय करायला हवे होते हे कुठल्याही वकिलाला विचारा. फाईल सहकाऱ्याकडे सोपवायची आणि नायिकेला इतकेच सांगायचे की या प्रकरणाबद्दल मला जे माहीत आहे ते मी तुला सांगू शकत नाही, म्हणून मी यातून बाजूला होत आहे. गुपित राखणे हे त्याचे कर्तव्य होते. आपल्याकडे गुपित आहे हेच लपवणे हे मात्र त्याचे कर्तव्य नव्हते. ते त्याने स्वतःसाठी केले, कारण तसे सांगितले असते तर त्या टेबलाशी बसण्याचा त्याला काही अधिकार उरला नसता.

माझी खरी तक्रार अशी की कादंबरीत हा फरक कोणीच बोलून दाखवत नाही. नायिका त्याला विचारते, “तू मला सांगितले का नाहीस?” तिने विचारायला हवे होते, “तुला माहीत आहे एवढे तरी का नाही सांगितलेस?” पहिल्या प्रश्नाचे उत्तर त्याच्यापाशी होते. दुसऱ्याचे नव्हते.

पानगळ यांचा प्रतिसाद

मला ही क्षमा पटली, आणि पुन्हा वाचताना अधिकच पटली. सगळी कादंबरी नायिकेच्या प्रथमपुरुषी निवेदनातून येत असल्यामुळे पहिल्या वाचनात आपण तिच्या नजरेने नायकाकडे पाहतो. दुसऱ्यांदा वाचताना मी केवळ त्याच्या हालचालींकडे लक्ष दिले. पत्रांचा गठ्ठा तो एकदाही स्वतः सोडत नाही, नेहमी तिच्या हाती देतो. तिचा तर्क चुकला की तो होकार देत नाही, तो विषय बदलतो किंवा उठून खिडकी लावतो. सायंतारा यांनी लिहिलेले ‘मान डोलावणे’ मला तरी एकाच ठिकाणी सापडले. आजीचा उल्लेख निघाला की तो तिच्याबद्दल आदराने बोलतो, परंतु ‘तुझी आजी’ असे शब्द त्याच्या तोंडी कधीच येत नाहीत. तो तिला नेहमी नावानेच संबोधतो. इतके काटेकोर लेखन अपघाताने होत नाही. वाचकाला शंका यावी अशी जागा लेखिकेने जागोजागी मोकळी ठेवली आहे, आणि रहस्यकथेत वाचकाशी प्रामाणिक राहणे म्हणजे याहून वेगळे काही असते असे मला वाटत नाही.

मग प्रश्न एवढाच उरतो की लेखिका वाचकाशी प्रामाणिक राहिली म्हणून नायक नायिकेशी प्रामाणिक ठरतो का. तिथे मी सायंतारा यांच्याशी काही अंशी सहमत आहे. परंतु ज्या माणसाला खोटे बोलणे जमत नाही आणि खरे बोलता येत नाही, त्याच्या मौनाला मी फसवणूक म्हणणार नाही.

धुळाक्षर यांचा प्रतिसाद

लेखणीबद्ध यांनी कायद्याची बाजू इतकी स्पष्ट मांडली आहे की तिथे भर घालण्यासारखे थोडेच आहे. मला मूळ प्रश्नाच्या दुसऱ्या भागाबद्दल, म्हणजे या प्रकारच्या कादंबरीकडून काय अपेक्षा करावी याबद्दल, लिहायचे आहे. पुढे काही फार जुन्या आणि सर्वपरिचित कादंबऱ्यांचे रहस्य उघड होणार आहे, त्याची नोंद घ्यावी.

रहस्यकथेचे नियम बांधणाऱ्यांना प्रेमाची अडचणच वाटत आली आहे. रहस्यकथाकार एस. एस. व्हॅन डाइन यांनी १९२८ मध्ये गुप्तहेरकथेचे वीस नियम प्रसिद्ध केले आणि त्यांतील तिसराच नियम असा की कथेत प्रेमप्रकरण असू नये, कारण गुन्हेगाराला न्यायासमोर उभे करणे हे काम आहे, प्रेमिकांना बोहल्यावर चढवणे नव्हे. गुप्तहेरकथेपुरता हा नियम समजण्यासारखा आहे. तिथे शोध घेणारा माणूस त्या कुटुंबाच्या बाहेरचा असतो. उत्तर काहीही निघाले तरी त्याचे स्वतःचे आयुष्य बदलत नाही. कुटुंबाच्या गुपिताची कादंबरी नेमकी याच्या उलट असते. शोधणारी व्यक्ती त्याच घरातील असते किंवा त्या घरात येऊ घातलेली असते, आणि जे सापडेल त्यावर आपण कोण आणि कोणाजवळ राहायचे हे ठरणार असते. म्हणून सायंतारा यांची अपेक्षा मला अवाजवी वाटत नाही. ती या प्रकाराच्या मुळाशीच आहे.

आता क्षमेकडे येतो. या परंपरेतील ज्या कादंबऱ्या टिकल्या आहेत त्यांत नायकाचे गुपित फुटल्यानंतर पुस्तकाचा किती भाग शिल्लक राहतो हे पाहण्यासारखे आहे. शार्लट ब्राँटी यांची ‘जेन आयर’ १८४७ मध्ये आली. तिच्या ३८ प्रकरणांपैकी २६ व्या प्रकरणात, ऐन लग्नाच्या वेळी, नायक रॉचेस्टरची पहिली पत्नी जिवंत असल्याचे उघड होते. पुढे जेन त्याला सोडून जाते, उपाशी फिरते, वेगळ्या माणसांत राहते, शाळेत शिकवते, तिला स्वतःचा वारसा मिळतो, दुसऱ्या एका पुरुषाकडून लग्नाची मागणी येते, आणि मगच ती परतते. परतते तेव्हा त्याचे घर जळून गेलेले असते, त्याची दृष्टी गेलेली असते आणि ती स्वतः स्वावलंबी झालेली असते. क्षमा करण्याआधी दोघांमधील तोल बदललेला आहे. डॅफ्ने द्यू मॉरिए यांच्या १९३८ च्या ‘रिबेका’मध्ये तर नायकाचा कबुलीजबाब त्याहून कितीतरी भयंकर आहे, कारण त्याने पहिल्या पत्नीला ठार मारलेले असते. नायिका त्याला तत्क्षणी आपला मानते, आणि हे वाचताना अस्वस्थ वाटते. परंतु त्यानंतरही चौकशी, साक्षी, धमक्या असे पुष्कळ काही घडायचे बाकी असते, आणि त्यात नायिका लाजरी मुलगी राहत नाही. तिने दिलेल्या साथीची किंमत तिला मोजावी लागते आणि ती आपण पाहतो. याच कादंबरीवरील १९४० च्या चित्रपटात तो खून अपघात करावा लागला, कारण हॉलिवूडच्या तेव्हाच्या नियमावलीत खुनी नवऱ्याला शिक्षेवाचून सोडणे बसत नव्हते. चित्रपट चांगलाच आहे, पण नायकाचा अपराध सौम्य झाल्याबरोबर नायिकेच्या निर्णयाचे वजनही कमी झाले.

आपल्या चर्चेतील कादंबरीत कबुलीजबाब शेवटून तिसऱ्या प्रकरणात येतो. त्यानंतर वृद्ध स्त्रीची भेट आणि उपसंहार. नायिकेने रागावून दूर जायला, नायकाशिवाय आपल्या आयुष्याकडे पाहायला, एखादा निर्णय त्याच्या मदतीवाचून घ्यायला लेखिकेने जागाच ठेवलेली नाही. माझ्या मते दोष नायकाच्या चारित्र्याइतकाच रचनेचा आहे. हीच घटना पुस्तकाच्या दोन-तृतीयांश टप्प्यावर आली असती, आणि वृद्ध स्त्रीचा शोध नायिकेने त्यानंतर एकटीने पूर्ण केला असता, तर हाच नायक आणि हीच क्षमा आपण कदाचित विनातक्रार स्वीकारली असती. पानगळ यांनी दाखवलेल्या सूक्ष्म खुणा सुंदर आहेत, परंतु त्या वाचकासाठी आहेत. नायिकेला त्या मागे वळून पाहण्याची संधी मिळत नाही. तिने आठवून आठवून त्याचे एकेक वाक्य तपासले आहे, असे एखादे प्रकरण हवे होते.

गुपिताच्या वजनाबद्दलही थोडे. विल्की कॉलिन्स यांची ‘द वुमन इन व्हाइट’ १८५९-६० मध्ये एका साप्ताहिकातून क्रमशः प्रसिद्ध झाली. तिच्यातील खलनायक ज्या गुपितापायी कोणत्याही थराला जातो ते इतकेच असते की त्याच्या आईवडिलांचे लग्न झालेले नव्हते आणि त्याने चर्चच्या नोंदवहीत खोटी नोंद घुसडलेली होती. आजच्या वाचकाला हे कारण अपुरे वाटू शकते. परंतु त्या काळच्या इंग्लंडमध्ये विवाहबाह्य अपत्याला वारसाहक्क नव्हता, आणि आईवडिलांनी पुढे लग्न केले तरी ते मूल औरस ठरण्याची सोय तिथे १९२६ पर्यंत झाली नाही. म्हणजे त्या एका ओळीवर पदवी, घर, जमीन सारे अवलंबून होते. गुपितामागे कायदा उभा असला की पात्रांची भीती खरी वाटते. आपल्या कादंबरीतील आजीची भीती मला पुरेशी समजली नाही. बहिणीला घराबाहेर काढणे १९५० च्या दशकातील लोकलाजेने समजू शकते. पण पुढे सारे जग बदलल्यावरही ती गप्प का राहिली? त्याचे उत्तर पुस्तकात नाही.

सायंतारा

सर्वांचे मनापासून आभार. लेखणीबद्ध यांनी केलेला फरक, गुपित राखणे आणि गुपित असल्याचेच लपवणे यांतला, मला फार महत्त्वाचा वाटतो. माझ्या अस्वस्थतेचे मूळ त्यातच आहे. नायकाने काही सांगितले नाही याचा मला राग नव्हता. नायिकेला तो आपल्यासारखाच अंधारात आहे असे वाटत राहिले, आणि त्या समजुतीवर तिचे प्रेम उभे राहिले, याचा राग होता. दोघे मिळून शोधत आहोत ही भावनाच त्या प्रेमाचा पाया होती. तो पाया एकाच बाजूने खरा होता.

धुळाक्षर यांच्या रचनेच्या मुद्द्याशीही मी सहमत आहे, मात्र एक शंका येते. कबुलीजबाब आधी आणला असता तर रहस्यही आधी फुटले असते, कारण या कादंबरीत दोन्हींचे उत्तर एकाच फाईलमध्ये आहे. ‘जेन आयर’मध्ये गुपित फुटल्यावर उत्सुकता निराळ्या गोष्टींकडे वळते. इथे ती कशाकडे वळली असती?

मला सुचते ते असे. पत्रे धाकट्या बहिणीला दूर पाठवले जाते तिथे थांबतात. त्यापुढची कितीतरी वर्षे ती कुठे होती, कशी जगली, तिने कधी आपल्या मुलीला लांबून पाहिले का, यातले काहीही कादंबरीत येत नाही. शेवटी ती भेटते तेव्हाही ती प्रामुख्याने नायकाच्या चांगुलपणाची साक्ष देण्यासाठी येते. जिचे मूल गेले, जिचे नाव गेले, तिला पुस्तकाच्या अखेरीस मिळालेले सर्वांत मोठे संभाषण एका तरुण वकिलाबद्दल असावे, हे मला नायिकेच्या क्षमेपेक्षाही अधिक खटकले. उत्सुकता तिच्याकडे वळवता आली असती.

लेखणीबद्ध

धुळाक्षर यांनी विचारलेल्या आजीच्या मौनाबद्दल. लेखिकेने उत्तर दिलेले नाही हे खरे, परंतु उत्तर आहे, आणि सायंतारा यांनी आत्ता मांडलेल्या मुद्द्याशी ते जोडलेले आहे.

इंग्लंडमध्ये दत्तकविधान १९२६ च्या कायद्याने कायदेशीर झाले होते. आजीने बहिणीचे मूल रीतसर दत्तक घेतले असते तर मूळ जन्मनोंद सरकारदप्तरी राहिली असती, आणि १९७५ च्या कायद्याने प्रौढ दत्तक अपत्यांना ती नोंद पाहण्याचा हक्क मिळाल्यावर नायिकेच्या आईला स्वतःच्या जन्मदात्रीचे नाव कळू शकले असते. परंतु आजीने दत्तक घेतले नाही. तिने जन्माच्या नोंदीतच आई म्हणून स्वतःचे नाव दिले. अशी जाणूनबुजून केलेली खोटी नोंद हा १९११ च्या कायद्यानुसार गुन्हा आहे. लोकलाज ओसरली तरी ती खोटी नोंद तशीच राहिली, आणि तोंड उघडले असते तर आधी स्वतःच्या मुलीला सांगावे लागले असते की तुझा जन्मदाखला खोटा आहे आणि तो मी खोटा केला. म्हणून ती गप्प राहिली असे मी मानतो. कादंबरीत तिने मुलीची शाळेची प्रगतिपुस्तके जपली आहेत, लसीकरणाचे कार्ड जपले आहे, पण जन्मदाखला कुठेच सापडत नाही, ही खूण लेखिकेने नक्कीच जाणीवपूर्वक ठेवलेली आहे.

आणि धाकट्या बहिणीच्या दृष्टीने याचा अर्थ फार कठोर होतो. दत्तक दिलेल्या मुलाच्या आईचे नाव निदान एका बंद दप्तरात असते. हिचे नाव कुठेच नव्हते. १९६९ च्या कायद्याने विवाहबाह्य अपत्यांना आईवडिलांच्या वारशात हक्क मिळाला तेव्हाही तिच्या मुलीला तिचा वारस म्हणून दाखवणारा एकही कागद अस्तित्वात नव्हता. ती आई होती याचा पुरावा म्हणजे ती पत्रे आणि वकिलाच्या कपाटातील ती फाईल. त्यामुळे सायंतारा यांची सूचना मला पूर्णपणे पटते. नायकाच्या कबुलीनंतर नायिकेने ‘हे सिद्ध कसे करायचे’ या प्रश्नामागे लागायला हवे होते. डीएनए चाचणी आज कोणालाही करून घेता येते, परंतु त्यासाठी वृद्ध स्त्रीची संमती लागली असती, आणि तिने ती द्यावी की नाही, आपले नाव त्या नोंदीत पुन्हा यावे असे तिला वाटते की नाही, हे ठरवण्याचा अधिकार पहिल्यांदाच तिच्याकडे आला असता.

नायक तिच्याकडे परवानगी मागायला वारंवार जात होता, याबद्दल मात्र मी त्याच्या बाजूनेच राहीन. त्या संपूर्ण कुटुंबात तिला काही विचारणारा तो पहिला माणूस होता. त्याने अन्याय केला तो नायिकेवर.

पानगळ

जन्मदाखल्याची खूण माझ्या नजरेतून निसटली होती. कागदपत्रांच्या यादीचे ते प्रकरण मी आत्ताच पुन्हा काढून पाहिले. नायिका म्हणते, “आईचा जन्मदाखला तेवढा मिळाला नाही,” आणि नायक म्हणतो, “तो तुला नोंदणी कार्यालयातून मागवता येईल.” लेखणीबद्ध, हे वाक्य तुम्ही कोणत्या बाजूला धराल? त्या दाखल्यावर आजीचेच नाव असणार हे त्याला माहीत आहे. म्हणजे ती ज्या वाटेने गेल्यास नक्की फसेल, ती वाट तो तिला दाखवतो आहे. बाकी सगळीकडे तो गप्प राहतो किंवा विषय बदलतो असे मी वर म्हटले; इथे तो तसे करत नाही.

लेखणीबद्ध

हे वाक्य मी सायंतारा यांच्या बाजूला धरेन. ‘त्या वेळी मी तिथे नव्हतो’ हे स्वतःला आवरणाऱ्या माणसाचे उत्तर आहे. ‘दाखला मागवता येईल’ हा सल्ला आहे, आणि तो तिने मागितलेला नव्हता.